गोदामातला उन्हाळा

अंबड, नाशिक
२० सप्टेंबर २०२४

रोहित,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की निळ्या रेघा उमटतात आणि गप्प बसतात. म्हणून कागद. कागद फाडायचा म्हटलं तरी आधी हातात घ्यावा लागतो.

तू पाठवलेले सल्लागार, श्रीयुत ओम, येऊन गेले. वय बघून मी 'अरे' म्हणणार होते, पण त्यांनी दारातच मला 'मॅम' केलं, मग अहोजाहो चालू ठेवलं. अण्णांच्या केबिनमध्ये, आपल्या बापाच्या खुर्चीत बसले आणि पहिला प्रश्न विचारला, "मॅम, इथे एसी नाही?" कुलरच्या कारखान्यात येऊन एसी मागणारा माणूस तुला नेमका कुठे सापडला?

शॉपफ्लोअरवर ते एकदाच आले. पॅडचं गवत कापतो तिथे नाकाला रुमाल लावून उभे राहिले आणि लगेच परत गेले. जाताना मला लॅपटॉपवर एक आलेख दाखवला. मार्च ते जून डोंगर, बाकी सगळं माळरान. "मॅम, तुमची डिमांड सीझनल आहे." म्हणजे कुलर उन्हाळ्यात खपतात. अण्णांनी जन्मभर कुलर केले, मी दहा वर्षं करतेय, आणि आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. उपकार झाले.

पुढचं मला कळत नाही असं समजू नकोस. दोन वाटा आहेत. एक अण्णांची. तीच माणसं वर्षभर ठेवायची, थंडीत माल करून गोदामात रचायचा आणि उन्हाळ्यात तो काढायचा. त्यात गोदामाचं भाडं, बँकेचं व्याज आणि मंदीतले पगार अंगावर येतात. दुसरी वाट तुझी. मोजकी माणसं ठेवायची, फेब्रुवारीत ठेकेदाराकडून भरायची, जूनमध्ये घरी पाठवायची. स्वस्त तुझीच पडते. मी बी.कॉम. आहे, बैल नाही.

पण तुझ्या मेलमधलं ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'असेंब्लीवरील निम्म्या महिला दिवाळीपूर्वी कमी कराव्यात.' मीठ कमी करतात, रोहित. माणसं काढतात. आणि निम्म्या म्हणजे कोणत्या निम्म्या? डावीकडच्या की उजवीकडच्या? एकीचंही नाव लिहायची तसदी घेतली नाहीस.

अण्णांचा दहावा आटोपून आपण गोदावरीवरून घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी तू चाकणच्या नोकरीचं सांगितलंस. तेव्हापासून तू या कारखान्याचा अर्धा मालक आणि पूर्ण पाहुणा आहेस. पाहुण्यानं चहा घ्यावा. स्वयंपाकघरात कोण राहील ते सांगू नये.

सुवर्णा
('ताई' म्हणायचं तू सोडलंस, मी लिहायचं सोडलं.)


१२ नोव्हेंबर २०२४

रोहित,

दिवाळी झाली. बोनस दिला. कोणालाही काढलेलं नाही.

हे तुला बातमी म्हणून कळवतेय, परवानगी मागत नाहीये. रोजचं काम बघणारी भागीदार मी आहे, भागीदारीच्या कागदावर तशी तुझीच सही आहे. शिंदे गावाजवळ, पुणे रोडला, एक मोठं गोदाम भाड्यानं घेतलंय. थंडीभर पूर्ण क्षमतेनं माल करणार. यंदा ऊन कडक पडणार असं सगळे म्हणतायत, आपला नांदगावचा दुकानदारसुद्धा. तुझ्या आलेखातला डोंगर आला की माल दारात तयार असेल आणि बाकीचे कारखानदार ठेकेदाराच्या पोरांना स्क्रू कुठे पिळायचा ते शिकवत बसतील.

भाऊबीजेला तू आला नाहीस. बरं झालं. ओवाळताना तुझ्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

बायकांना मी कँटीनमध्ये बोलावून सरळ सांगितलं, "माझ्या भावानं तुमच्यातल्या निम्म्यांना काढायला सांगितलंय. मी काढणार नाही." टाळ्या पडल्या. कुसाबाई रडायला लागल्या. पॅड बसवणाऱ्या, तोंडात कायम पदर, तुला आठवत असतील. रडणाऱ्या माणसाचा मला राग येतो, हे तुला माहीत आहे. मी म्हटलं, "काढलं नाही तर रडता, काढलं असतं तर काय केलं असतं?" त्या आणखी रडल्या.

टाळ्या न वाजवणारी एकच होती. लताबाई. अण्णांच्या वेळेपासून असेंब्लीची लाइन तीच चालवते. सगळ्या शांत झाल्यावर तिनं विचारलं, "ताई, सगळा माल थंडीतच झाला, तर मार्चात ओव्हरटाइम नाय का मग?"

मी तिची नोकरी वाचवली, आणि तिला ओव्हरटाइम पाहिजे. लोकांना सावलीत बसवलं की ते झाडाची फळं मोजायला लागतात. तुझा तिरस्कार करते म्हणून मला बाकीच्यांविषयी प्रेम आहे असं काही नाही. तेवढं लक्षात असू दे.

सुवर्णा


२८ जानेवारी २०२५

रोहित,

पेढे वाट. तुझ्या निम्म्या बायका कमी झाल्या. मला काही करावं लागलं नाही, त्या स्वतःच्या पायांनी गेल्या.

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला. ओझरच्या पुढे एक नवं पॅकहाऊस निघालंय, परदेशी माल पाठवणारं. त्यांची गाडी पहाटे अंबड गावातून बायका भरून नेते. एका सोमवारी लाइनवर अर्ध्या जागा रिकाम्या. एकीनंही सांगितलं नाही. ज्यांच्यासाठी मी सख्ख्या भावाशी वैर घेतलं, त्यांनी मला एक फोन करण्याइतकी किंमत दिली नाही.

मी गाडी काढली आणि तिकडे गेले. वॉचमननं आत सोडलं नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीपर्यंत फाटकाशी उभी राहिले. लताबाई बाहेर आली. डोक्याला पांढरी टोपी, हातात मोजे. माझ्याकडे बघून ना दचकली, ना ओशाळली.

"काय ताई, द्राक्षं न्यायला आल्या?"

"तुला न्यायला आले. लाजबीज काही आहे का? मी तुम्हाला ठेवून घेतलं आणि तुम्ही असं तोंड लपवून येता?"

"तोंड कुठं लपवलं? हे काय, तुमच्या म्होरंच हाय." तिनं मोजे काढले. "हितं हंगामात जास्त भेटतं. चार महिन्यांचं काम हाय, तर चार महिन्यांचंच म्हणून सांगितलं. तुमच्याकडं वर्षभराचं म्हणायचं आन दर दिवाळीला कोनाला काढायचं त्याची बोलनी ऐकायची."

"मी काढलं का? एकीला तरी काढलं?"

तिनं मोजे कमरेला खोचले. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुमी आमाला ठेवलं ते आमच्यासाठी, का दादाला दाखवायला?"

तिला मी एक सणसणीत वाक्य ऐकवलं. ते इथे लिहीत नाही. ते ऐकून ती नुसती हसली आणि भाकरी खायला गेली.

ठेकेदाराची माणसं मी आणलेली नाहीत आणि आणणार नाही. उरलेल्यांवर काम रेटतेय. कुसाबाई राहिल्यात. 'ताईंनी ठेवलं' म्हणून त्या येता-जाता माझ्या केबिनला नमस्कार करतात. त्याचा मला लताबाईच्या हसण्यापेक्षा जास्त त्रास होतो.

सुवर्णा


२४ मे २०२५

रोहित,

तुझ्या खिडकीबाहेर पडतोय तोच पाऊस इथेही पडतोय, तेव्हा हवामान लिहीत नाही. मे महिन्यात लोक स्वेटर शोधतायत, एवढं पुरे.

गोदाम भरलेलं आहे. छतापर्यंत. एप्रिलमध्ये थोडा माल उचलला गेला, मग जे थांबलं ते थांबलंच. मालेगावच्या दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "ताई, आठे पानी शे, नुसता पाऊस. कुलर काय डोक्यावर घेऊ?" ज्या नांदगावकरानं 'यंदा कडक ऊन, दुप्पट पाठवा' म्हणून माझं डोकं खाल्लं होतं, तो आता फोन बायकोकडे देतो. ती सांगते, ते शेतात गेलेत. त्याला शेत नाही.

तुझा मेसेजही पोचला. आठ महिन्यांनी तुझ्या तोंडातून शब्द फुटले, तेही दोन. 'आता काय?' वर ना ताई, ना खाली नाव. निदान 'मी सांगत होतो' असं तरी लिहायचंस. तेवढी हिंमत असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

तू बरोबर होतास असं मी लिहिणार नाही. तुझ्या आलेखातही मे महिन्यात पाऊस नव्हता. तिथे डोंगरच होता, हिरवागार रंगवलेला. पण तुझ्या वाटेनं गेले असते तर एप्रिलअखेर हात आखडता आला असता आणि नुकसान आटोक्यात राहिलं असतं. हे खरं आहे. लिहिलं. आता फ्रेम करून लाव.

आणि दुसरं, जे मला घशाखाली उतरत नाही. जानेवारीत त्या बायका पॅकहाऊसला पळाल्या नसत्या, तर हे गोदाम पुरलं नसतं. मी ज्यांना नमकहराम म्हटलं, त्यांच्या नमकहरामीनं मला जेवढं वाचवलं तेवढं माझ्या हुशारीनं वाचवलं नाही.

बँकेचा माणूस येऊन गोदाम बघून गेला. मान हलवत गेला. कुठल्या अर्थानं ते विचारलं नाही.

काल एकटीच आत जाऊन उभी राहिले. बाहेर पत्र्यावर पाऊस आणि आत अख्खा उन्हाळा खोक्यांत बांधून ठेवलेला. अण्णा असते तर 'माल राहू दे, माणसं राहिली ना' म्हणाले असते, ते मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. म्हणून तर तू चाकणला आहेस.

सुवर्णा


३० जून २०२५

रोहित,

तुझं पाकीट मिळालं. आत नुसता एक नकाशा आणि चार ओळी. कुलरमधली मोटर आणि पंखा काढून त्यांना नवी चौकट दिली की भिंतीत बसवायचा एक्झॉस्ट फॅन होतो. पोल्ट्रीवाले घेतात, पॅकहाऊसवाले घेतात, त्यांना पावसाचं सुतक नाही. अक्षर अजून तसंच आहे तुझं, शाळेत मार खायचास तसं.

कल्पना चांगली आहे. तुझी आहे हे कळल्यावर जरा कमी चांगली वाटली, पण मी नमुना करायला घेतला.

त्यासाठी गोदामातले कुलर खोलायचे होते. आणि ज्यांनी बांधले त्यांच्याशिवाय ते पटापट कोण खोलणार? द्राक्षं संपून पॅकहाऊसच्या बायका रिकाम्या झालेल्याच होत्या. लताबाई एका सकाळी गेटवर येऊन उभी राहिली. आत येऊ का म्हणून विचारलं नाही, आणि मी ये म्हटलं नाही. मी स्क्रूड्रायव्हर पुढे केला, तिनं घेतला. माझ्या अंगात मोठेपणा आला असं समजू नकोस. हात पाहिजे होते.

सगळा ताफा शिंद्याच्या गोदामात नेला. खोकी उघडली. थंडीत जे एकेक करून बसवलं होतं ते एकेक करून काढायचं. जाळी, पॅड, पंप, मोटर. इतका वेळ बायका गप्प बसलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या, प्रेतयात्रेतही नाही. मग कुसाबाई एका पॅडवर हात फिरवत म्हणाल्या, "ताई, ह्यो मीच बसवला व्हता. माझी गाठ हाय ही."

"मग तुम्हालाच सोपं जाईल," मी म्हटलं.

त्या रडतील असं मला वाटलं. रडल्या नाहीत. त्यांनी दातांनी गाठ तोडली आणि म्हणाल्या, "लयच पक्की बांधत व्हते की मी." त्यावर सगळ्या हसल्या. मी बाहेर जाऊन फोन आल्याचं नाटक केलं.

ओझरच्या त्याच पॅकहाऊसनं पंख्यांची पहिली मागणी नोंदवलीय. आणखी दोन पोल्ट्रीवाले बोलणी करतायत. कारखाना बुडणार नाही. पण पंख्याला हात कमी लागतात. गोदाम रिकामं झालं की दिवाळीपर्यंत निम्म्याच बायकांना पुरेल एवढं काम आहे.

तोच शब्द. निम्म्या. या वेळी मी लिहिला.

आता नावं तू पाठव. तुझाच आराखडा आहे. नावं पाठव, मी सही करते.

सुवर्णा


९ ऑगस्ट २०२५

रोहित,

नावं आली नाहीत. तू आलास. चोरासारखा.

मी त्या दिवशी नांदगावला गेले होते, त्या शेत नसलेल्या माणसाकडून वसुली करायला. परत शिंद्याच्या गोदामावर आले तर आपला वॉचमन गोटीराम फाटकाशी जमिनीकडे बघत उभा. त्याचं असं असलं की काहीतरी लपवायला सांगितलेलं असतं. मी नुसतं त्याच्याकडे बघितलं.

"दादा येऊन गेले," तो म्हणाला. "ताईला सांगू नको म्हणले."

"मग का सांगतोस?"

"तुमी बघितलं ना."

पुढचं लताबाईनं सांगितलं. तू अण्णांचा जुना अॅप्रन चढवलास, खाली बसलास आणि बायकांबरोबर कुलर खोललेस. म्हणे हात चांगला चालतो तुझा. मग कुसाबाईंनी विचारलं, "दादा, निम्म्या काढायच्या म्हनत्यात. मी हाय का त्यात?"

तू म्हणालास, "तुम्ही नाही."

मग शेजारच्या नवसाबाईनं विचारलं, "मंग मी?"

"तुम्ही पण नाही."

असं करत प्रश्न गोदामभर फिरला आणि प्रत्येकीला तू नाहीच म्हणालास. शेवटी लताबाईची पाळी आली तेव्हा स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून म्हणालास, "ताईंना विचारा," आणि उठून गेलास.

धन्य आहे. इंजिनिअर झालास, वर एमबीए केलंस, सल्लागार पाळलास, आलेख काढलेस. कागदावर निम्म्या लिहिताना पेन अडलं नाही, आणि कुसाबाईंच्या तोंडावर एक नाव निघालं नाही. मी हसले, रोहित. गोदामात उभी राहून मोठ्यानं हसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मनापासून.

माझं हसू संपेपर्यंत लताबाई थांबली. मग म्हणाली, "बरं, आता तुमी सांगा. दादांनी तुमाला इचारायला सांगितलंय."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं. समोर लताबाई होती, तिचं नाव घ्यायची मला किती इच्छा होती ते तुला माहीत आहे. ते आलं नाही. मग वाटलं कुसाबाईंचं घ्यावं, त्या नमस्कार करत निघून जातील. तेही आलं नाही. गेल्या दिवाळीत मी ठणकावून म्हटलं होतं की काढणार नाही. माणुसकी म्हणून म्हटलं, अशी माझी समजूत होती. मला काढता येत नाही, एवढंच ते होतं. तू पळून जाऊन तेच केलंस, मी गोदाम भरून केलं. एकाच आईची पोरं आहोत, दुसरं काय.

"झालं?" लताबाई म्हणाली. "तुमा दोघांना बी आमच्यातलं एक नाव घेता येत नाय. एक काढायला निघतो, एक ठेवायला निघती. आमाला कोन इचारतं? आता आमीच ठरवतो."

आणि त्या ठरवायला बसल्या. मला वाटलं होतं भांडतील. भांडल्याच. झिंज्या धरायच्या बाकी राहिल्या. नवसाबाई म्हणाली, जी जानेवारीत पळाली तिनं आधी घरी बसावं. लताबाई म्हणाली, बसते, पण मग जी रोज उशिरा येते तिनंही बसावं. तो टोमणा नवसाबाईलाच होता. अखेर दोन गट पडले. एक आठवडा एका गटानं यायचं, एक आठवडा दुसऱ्यानं. दिवाळीपर्यंत. पगार निम्मा, पण नाव कोणाचंच कटणार नाही. ज्यांना द्राक्षाच्या हंगामात जायचंय त्यांनी डिसेंबरातच तोंडावर सांगायचं, त्यांच्या जागी आपण तेवढ्यापुरती माणसं घ्यायची, आणि त्यांनाही तेवढ्यापुरतं म्हणूनच सांगायचं.

हे सगळ्यात स्वस्त आहे का? नाही. मी हिशोब करून बघितलाय, तुझी वाट अजूनही स्वस्त आहे. पण ती चालायला तुझ्याकडे पाय नाहीत आणि माझ्याकडेही नाहीत. तेव्हा या वाटेवर मी सही केली. तुझी बाकी आहे.

उठता उठता लताबाईनं विचारलं, "आन तुमच्या दोघांचं कसं?"

"आमचं काय?"

"कारखाना एक, मालक दोन, आन एकमेकांची तोंडं बघत नाय. तुमी बी पाळी लावून घ्या. एक आठवडा तुमी, एक आठवडा दादा."

बायका अशा हसल्या की पत्र्यावरची कबुतरं उडाली. माझी भीड उरलेली नाही त्यांना. मी त्यांच्यावर डोळे वटारले आणि ताठ मानेनं गाडीत जाऊन बसले. द्वारका सर्कलच्या सिग्नलपर्यंत मान ताठच होती. मग मलाही हसू फुटलं. शेजारचा रिक्षावाला बघत राहिला.

उद्यापासूनचा आठवडा माझा आहे. पुढचा तुझा. शनिवारी कारखाना बंद असतो आणि आठवडा रविवारी सुरू होतो हे विसरला असशील, तेव्हा पुढच्या रविवारी, १७ तारखेला सकाळी ये. मी गेटवरच असेन. चावी दिल्याशिवाय जाता येत नाही ना मला.

ताई